कशाच्या बदल्यात? मुलांचा वेळ, मुलांचं वजन आणि आपले अर्धे निष्कर्ष

स्क्रीनपुढे जास्त वेळ बसणाऱ्या मुलांचं वजन जास्त असतं. कमी झोपणारी मुलं लठ्ठ होण्याची शक्यता अधिक असते. रोज तासभर खेळलं की वजन आटोक्यात राहतं. ही तीन विधानं आपण इतक्या वेळा वाचली आहेत की ती आता कुणी तपासूनही पाहत नाही. त्यांच्यामागे खरे अभ्यास आहेत, हजारो मुलांची मोजमापं आहेत, हे मला मान्य आहे. तरीही तिन्ही विधानं अर्धीच आहेत. स्क्रीनचा एक तास कमी केला, तर तो गेला कुठे? झोपेत, मैदानावर, की आणखी एका शिकवणीच्या बाकावर? खेळायला तास दिला, तर तो काढला कशातून?

दिवसाची मिनिटं १४४०. त्यात कुणालाही भर घालता येत नाही. मुलाचा दिवस म्हणजे तोकडं पांघरूण आहे, डोक्यावर ओढलं की पाय उघडे पडणारच. एवढी साधी गोष्ट मुलांच्या लठ्ठपणावरच्या संशोधनानं कित्येक वर्षं हिशेबात धरली नाही, आणि सार्वजनिक चर्चेनं तर आजही धरलेली नाही. मुलांच्या वेळेबद्दलचा कोणताही निष्कर्ष, सल्ला किंवा नियम ‘कशाच्या बदल्यात’ हे सांगत नसेल, तर तो अपुरा समजावा, असं माझं म्हणणं आहे. हा प्रश्न विचारायला सुरुवात केली की मुलाच्या आळसावर रोखलेलं बोट आपोआप वेळापत्रक आखणाऱ्या मोठ्यांकडे वळतं. म्हणूनच तो विचारायला हवा.

आधी गणित पाहू, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. समजा, दहा वर्षांच्या एका मुलाच्या दिवसात ५४० मिनिटं झोप आहे, ५७० मिनिटं बसून जातात, २७० मिनिटं हलक्या हालचालीत, म्हणजे घरात इकडून तिकडे करण्यात, उभं राहण्यात, रमतगमत चालण्यात जातात, आणि ६० मिनिटं दम लागेल अशा मध्यम ते जोरकस (पुढे थोडक्यात ‘जोरकस’) हालचालीत. बेरीज १४४०. आता संशोधकाला या चार गोष्टींचा वजनाशी संबंध तपासायचा आहे. हाताशी सर्वांत नेहमीचं हत्यार म्हणजे रिग्रेशन, म्हणजे एक घटक बदलला की दुसरा किती बदलतो हे सांगणारं सांख्यिकी समीकरण. पण चारही आकडे एकदम समीकरणात घातले तर ते सुटतच नाही, कारण तीन कळले की चौथा आपोआप ठरतो. मग एक घटक बाहेर ठेवायचा. अनेक वर्षं बहुतेक अभ्यासांत हेच झालं, आणि कोणता घटक बाहेर ठेवला याकडे वाचणाऱ्यांचं फारसं लक्ष गेलं नाही.

लक्ष जायला हवं होतं. बसण्याचा वेळ बाहेर ठेवला, तर झोपेपुढे येणाऱ्या आकड्याचा अर्थ होतो ‘बसण्याऐवजी झोप’. जोरकस हालचाल बाहेर ठेवली, तर त्याच रकान्यातल्या आकड्याचा अर्थ होतो ‘खेळण्याऐवजी झोप’. मुलं तीच, मोजमापं तीच, वजनं तीच. पहिल्या मांडणीत झोप हितकारक दिसेल आणि दुसऱ्या मांडणीत कदाचित अपायकारक. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची आहेत. पण बातमीत दोन्हींचं एकच वाक्य होतं: झोपेचा आणि वजनाचा संबंध आढळला, किंवा नाही आढळला. कधी कधी तर चारपैकी एकच घटक घेतला जातो आणि बाकीच्या दिवसाकडे पाहिलंही जात नाही. तिथे स्क्रीनचा तास कशाची जागा घेत होता, हे शोधायला काही मार्गच उरत नाही.

हा धोका नवा नाही. एकाच बेरजेत अडकलेले किंवा एकाच संख्येनं भागलेले आकडे आपसांत खोटा सहसंबंध दाखवतात, हे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांनी १८९७ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे भूवैज्ञानिकांना याचा चांगलाच चटका बसला. खडकातल्या खनिजांची टक्केवारी नेहमी शंभरच भरणार. त्यामुळे एका खनिजाचं प्रमाण वाढलं की दुसऱ्याचं घटलेलं दिसतं, मग त्या दोघांचा प्रत्यक्षात काही संबंध असो वा नसो. यावर नीट उपाय सुचवला संख्याशास्त्रज्ञ जॉन एचिसन यांनी १९८२ मध्ये. सुट्या आकड्यांकडे पाहूच नका, त्यांच्यातल्या गुणोत्तरांकडे पाहा, आणि त्या गुणोत्तरांचे लॉग (लॉगॅरिदम, म्हणजे किती पटींनी बदल झाला हे मोजणारी गणिती पट्टी) घेऊन मग नेहमीची सांख्यिकी वापरा, असं त्यांचं सांगणं. खडकांसाठी घडवलेलं हे हत्यार माणसाच्या दिवसाला लावायला मात्र बराच काळ जावा लागला. झोप, बसणं आणि हालचाल यांचा एकत्रित विचार या पद्धतीनं करून लठ्ठपणाशी पडताळणारे अभ्यास साधारण २०१५ पासून येऊ लागले. त्यानंतर बारा देशांतल्या नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची मोजमापंही याच नजरेनं पुन्हा तपासली गेली.

या अभ्यासांतून जे चित्र पुढे आलं, ते साधारण असं. चारही घटकांत वजनाशी आणि चरबीशी सर्वांत घट्ट नातं जोरकस हालचालीचं दिसतं. दिवसात तिचा वाटा सगळ्यांत लहान असूनही. तिच्यातली १५ मिनिटं काढून दुसरीकडे टाकली, तर मॉडेल चरबीत जेवढी वाढ दाखवतं, तेवढी घट १५ मिनिटं तिच्यात टाकल्यावर दाखवत नाही. म्हणजे गमावण्याचा तोटा मोठा आणि कमावण्याचा फायदा लहान.

हा निष्कर्ष आकर्षक आहे आणि तो अनेकदा धोरणाच्या भाषणांत येतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं. आपल्या काल्पनिक मुलाची जोरकस मिनिटं ६० वरून ७५ झाली, तर गुणोत्तर १.२५, त्याचा लॉग ०.२२. तीच ४५ झाली तर गुणोत्तर ०.७५, लॉग उणे ०.२९. पंधरा मिनिटं दोन्हीकडे सारखीच, पण लॉगच्या मोजपट्टीवर घट वाढीपेक्षा मोठी पडते. म्हणजे या असमतोलाचा निदान काही भाग मुलांच्या शरीरातून नव्हे, तर आपण निवडलेल्या गणितातून आलेला आहे. शरीरही खरोखर असंच वागतं का, हे वेगळ्या पुराव्यानं दाखवावं लागेल. मी एचिसन यांच्या पद्धतीच्या बाजूचा आहे. आधीच्या पद्धतींनी जे लपवलं ते तिनं उघड केलं. पण तिनं दिलेला प्रत्येक आकडा हा मुलांबद्दलचाच शोध आहे असं मानून पुढे जाणं मला पटत नाही. आणखी एक अडचण आहे, वरवर किरकोळ वाटणारी. शून्याचा लॉग निघत नाही. ज्या मुलाच्या आठवड्यात जोरकस हालचालीचं एकही मिनिट नोंदलं गेलं नाही, त्याच्यापुढे संशोधकाला एखादी छोटी संख्या भरावी लागते. असं मूल आजारी असू शकतं, अपंग असू शकतं. त्याला खेळायला बाहेर पाठवणारं कुणी नसेल, असंही असू शकतं. ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त जाणून घ्यायला हवं, नेमक्या त्याच मुलाच्या रकान्यात आपण अंदाज भरतो.

मोजणीचंही जरा जवळून पाहायला हवं. मुलाच्या कमरेला किंवा मनगटाला ॲक्सिलरोमीटर नावाचं छोटं यंत्र आठवडाभर बांधतात. ते हिसके मोजतं. ठरावीक काळातले हिसके ठरावीक आकड्याच्या वर गेले की ती हालचाल जोरकस. मुलांसाठी खूप वापरली जाणारी एक मर्यादा मिनिटाला २२९६ नोंदी अशी आहे. दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या मर्यादा घेतल्या आहेत, आणि मर्यादा बदलली की तेच मूल चपळचं सुस्त होतं. त्यातून मुलं मोठ्यांसारखी सलग पळत नाहीत. ती आठ-दहा सेकंद जीव तोडून धावतात, थांबतात, भांडतात, पुन्हा धावतात. यंत्रानं पूर्ण मिनिटाची सरासरी घेतली तर ती धाव त्या सरासरीत विरून जाते, पंधरा सेकंदांचे तुकडे घेतले तर दिसते. कमरेवरच्या यंत्राला सायकल जवळपास कळतच नाही. पोहताना ते बहुधा काढून ठेवलेलं असतं. आणि बसण्याचा जो मोठा गठ्ठा त्यातून निघतो, त्यात गोष्टीचं पुस्तक, गणिताचा गृहपाठ, चित्रकला, तबल्याचा रियाज आणि मोबाईल असं सगळं एकाच रंगात रंगलेलं असतं. यंत्राला हे वेगळं करता येत नाही. अहवाल लिहिणाऱ्यालाही मग करता येत नाही. पण मथळा देणारा मात्र त्या सगळ्याला बेधडक स्क्रीन म्हणतो.

शिवाय हिशेबात धरली जातात ती यंत्र पुरेसा वेळ घालणारी मुलं. दिवसाला निदान दहा तास, असे चार दिवस, त्यातला एक सुट्टीचा, असा एक प्रचलित निकष आहे. यंत्र काढून फेकणारं, हरवणारं किंवा त्याची लाज वाटणारं मूल गळून जातं. जाड मुलाला कमरेचा पट्टा इतरांना दिसण्याची लाज अधिक वाटत असेल, तर गळतीही सगळीकडे सारखी होत नसणार.

या सगळ्याहून मोठा प्रश्न कारण आणि परिणामाचा आहे. कमी हालचाल करणाऱ्या मुलांचं वजन जास्त, हे दिसलं की आपण लगेच म्हणतो, हालत नाहीत म्हणून जाड झाली. इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात मुलांच्या एका गटाचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. सात ते दहा या वयातली मोजमापं पाहून २०११ मध्ये त्या संशोधकांनी जे मांडलं, ते नेमकं उलटं होतं. आधीच्या चरबीवरून पुढच्या वर्षांतली घटलेली हालचाल सांगता येत होती. आधीच्या हालचालीवरून पुढची चरबी मात्र सांगता येत नव्हती. एका अभ्यासावर सगळा डोलारा उभारू नये. पण हा निष्कर्ष अनुभवाला धरून आहे. वजन वाढलं की धावताना दम लागतो, संघ निवडताना शेवटी नाव येतं, हसणारे हसतात, आणि मग मूल मैदानाकडे पाठ फिरवतं. अशा मुलाला आळशी म्हणणं म्हणजे जखम झाली म्हणून जखमीलाच दोष देणं.

मग खरंच वेळ बदलून पाहिला तर काय होतं? इथे प्रयोग आहेत, आणि माझा मूळ मुद्दा त्यांच्यातच सर्वांत स्पष्ट दिसतो. मुलांची हालचाल वाढवण्यासाठी आखलेल्या ३० कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रानं मोजलेली जोरकस हालचाल किती वाढली? दिवसाला साधारण चार मिनिटांच्या चालण्या-धावण्याएवढी. एवढे प्रशिक्षक, एवढे तास, एवढा पैसा आणि हाती चार मिनिटं. आढावा घेणाऱ्यांनी एक संभाव्य कारण सुचवलं: शाळेनंतरचा खेळाचा वर्ग कदाचित त्याच वेळी गल्लीत किंवा अंगणात आपलं आपण होणाऱ्या खेळाची जागा घेत असावा. खेळाच्या जागी खेळच आला. फरक इतकाच की आता त्याला शिट्टी आणि हजेरी लागली. ‘कशाच्या बदल्यात’ हे कार्यक्रम आखण्याआधी विचारलं असतं, तर तोच तास बाकावर बसण्याच्या वेळातून काढता आला असता.

याउलट जिथे कोणता तास बदलायचा हे नेमकं ठरलेलं होतं, तिथे थोड्या प्रयत्नांतही काही हाती लागलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगात एका प्राथमिक शाळेतल्या मुलांचा टीव्ही कमी केला, दुसऱ्या शाळेत काहीच केलं नाही. पहिल्या शाळेतल्या मुलांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, तुलनेनं कमी वाढला. जोरकस हालचालीत मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे वजनाचा मार्ग मैदानावरून गेलाच नसावा. टीव्हीपुढे बसून होणारं खाणं कमी झालं असावं. दुसऱ्या एका छोट्या प्रयोगात आठ ते अकरा वर्षांच्या ३७ मुलांनी काही काळ नेहमीपेक्षा दीड तास जास्त आणि काही काळ दीड तास कमी झोपायचं होतं. जास्त झोपेच्या आठवड्यात मुलांनी सांगितलेलं खाणं दिवसाला सरासरी १३४ कॅलरींनी कमी भरलं. झोपेत कुणी धावत नाही. तरीही वजनाकडे जाणारी एक वाट झोपेतून निघते. कारण जागेपणीचा रात्रीचा तास हा बहुतेक वेळा खाण्याचाही तास असतो.

आता धोरणाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल हवी असं सांगते. कॅनडानं २०१६ मध्ये एक पाऊल पुढे टाकून चोवीस तासांची एकत्र शिफारस काढली: तासभर जोरकस हालचाल, काही तास हलकी हालचाल, पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना ९ ते ११ तास झोप, करमणुकीची स्क्रीन दोन तासांहून जास्त नाही. एकत्र विचार केला, हे फार चांगलं झालं. पण हिशेब करून पाहा. दहा तास झोप, एक तास खेळ, दोन तास स्क्रीन, म्हणजे १३ तास. उरले ११. समजा, शाळा सात तास, जाणं-येणं एक तास, आंघोळ, जेवण, आवराआवर दीड तास. राहिला दीड तास. त्यात गृहपाठ, शिकवणी, गाण्याचा वर्ग, आजीशी गप्पा आणि काहीही न करता छताकडे बघत पडून राहणं, एवढं सगळं बसवायचं. शिकवणी दोन तासांची झाली की काहीतरी कापलं जाणार. काय कापलं जातं? शिकवणीची वेळ ठरलेली, तिथे हजेरी लागते. गृहपाठ तपासला जातो. शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही. झोप आणि खेळ यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नसतं, म्हणून कात्री त्यांच्यावर चालते. स्क्रीन वाचते, कारण दमलेल्या मुलाला रात्री नऊ वाजता मिळणारी तेवढी एकच मोकळीक असते.

म्हणून ‘मुलांना मोबाईलपासून दूर ठेवा’ हा सल्ला पालकांच्या गळ्यात टाकून मोकळं होणं मला अप्रामाणिक वाटतं. मुलाच्या दिवसातले सर्वांत मोठे आणि सर्वांत कडक तुकडे मोठ्यांनी ठरवलेले आहेत. शाळा किती वाजता सुरू व्हावी, प्रवास किती लांबचा, गृहपाठ किती, मधली सुट्टी किती मिनिटांची आणि त्या सुट्टीत मैदान उघडं की बंद, यांतलं काहीही दहा वर्षांचं मूल ठरवत नाही. त्याच्या हाती उरतो कडेचा दीड तास, आणि आपण त्याच्या इच्छाशक्तीची परीक्षा नेमकी त्याच दीड तासात घेतो.

शाळेच्या वेळेचं उदाहरण बोलकं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये शिफारस केली की माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नयेत. कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ मध्ये कायदाच केला. २०२२ पासून तिथल्या उच्च माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी आणि त्याखालच्या आठच्या आधी भरू शकत नाहीत, थोडे ग्रामीण अपवाद वगळता. मला हा कायदा योग्य वाटतो, कारण तो झोपेची जबाबदारी मुलाच्या गजरावर न टाकता घंटा वाजवणाऱ्यावर टाकतो. पण माझाच प्रश्न त्यालाही लागू आहे. शाळा उशिरा भरली की उशिरा सुटते. मग संध्याकाळच्या खेळाचं काय? उजेड किती उरतो? शाळेचे एकूण तास तेवढेच ठेवून नुसती घंटा सरकवली, तर झोपेची भरपाई खेळातून होण्याची भीती आहे, आणि ती आधीच ओळखून मधली सुट्टी लांबवावी लागेल किंवा गृहपाठ कापावा लागेल.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. लोकांना सोपा संदेश हवा असतो. गुणोत्तरं आणि बदल्या सांगत बसलात तर कुणी ऐकणार नाही. पण ‘झोपायच्या आधीचा स्क्रीनचा अर्धा तास झोपेला द्या’ हे वाक्य ‘स्क्रीन कमी करा’ याहून कठीण आहे का? मला तर ते जास्त सोपं वाटतं, कारण ते नेमकं काय करायचं ते सांगतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वजन मुख्यतः खाण्यावर ठरतं, वेळेचा वाटा छोटा आहे, मग एवढा खटाटोप कशाला? वाटा छोटा आहे, हे खरं आहे. वेळेच्या मांडणीवरून मुलांच्या वजनातला फरक थोडाच उलगडतो. पण २०२२ मध्ये जगात पाच ते एकोणीस वर्षांची ३९ कोटींहून अधिक मुलं जास्त वजनाची होती, त्यांतली १६ कोटी लठ्ठ. १९९० मध्ये या वयोगटात जास्त वजनाचं प्रमाण ८ टक्के होतं, ते २० टक्क्यांवर गेलं. एवढ्या मोठ्या समूहात छोटा बदलही मोजण्याजोगा असतो. फक्त समूहाचा सरासरी बदल दाखवून एखाद्या घरातल्या एका मुलाला ‘तू पंधरा मिनिटं जास्त खेळ, तुझं वजन इतकं उतरेल’ असं वचन देऊ नये. ते पाळलं जाणार नाही, आणि मग मूल स्वतःलाच नालायक समजेल.

माझी खरी काळजी इथे आहे. बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. एकोणिसाव्या शतकात बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी हे गुणोत्तर मांडलं ते लोकसमूहाचं वर्णन करायला. एका मुलाच्या अंगात स्नायू किती आणि चरबी किती, हे ते सांगत नाही. वाढत्या वयात तर ते वय आणि लिंगानुसार तक्त्याशी ताडूनच वाचावं लागतं. अशा मापाला आपण मुलाच्या वेळेचा न्यायाधीश केलं आहे. खेळानं वजन उतरलं नाही तर खेळ वाया गेला, असा त्याचा अर्थ होतो. खेळानं हाडं मजबूत होतात, हृदयाला बळ मिळतं, मन थाऱ्यावर येतं, मित्र मिळतात. झोपेनं दिवसभर शिकलेलं डोक्यात राहतं. वजनाचा काटा जागचा हलला नाही तरी हे सगळं घडतं. मुलाला खेळायला आणि झोपायला वेळ मिळायला हवा तो या कारणांसाठी, आणि वजन थोडं ताळ्यावर आलं तर तो वरचा फायदा.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. मुलांच्या वेळेवर कुणी अभ्यास प्रसिद्ध करील, त्यानं दिवसाचे चारही भाग मोजावेत आणि कोणता तास कोणत्या तासाऐवजी, हे मथळ्यातच लिहावं. शाळेनं नवा जादा तास, नवा प्रकल्प किंवा नवी स्पर्धा जाहीर केली, की त्याच पत्रकात आणखी एक ओळ असावी: ही मिनिटं दिवसातल्या अमुक गोष्टीतून कमी होतील. ती ओळ लिहिताना मुख्याध्यापकांना ‘झोप’ किंवा ‘खेळ’ असा शब्द स्वतःच्या हातानं लिहावा लागला, तर पालकसभेत त्यावर प्रश्न विचारायला आपल्याकडे काहीतरी ठोस असेल.